माइक कुणाच्या हाती? : माचनूरच्या रेडिओ केंद्राचा इतिहास आणि त्याचा धडा



आपल्याकडे रेडिओचा इतिहास सांगायचा म्हणजे मोठ्या शहरांपासून सुरुवात करायची, असा प्रघात आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले, १९५७ मध्ये विविध भारती आली, असा तो क्रम असतो. आज मी हा इतिहास दुसऱ्या टोकाने पाहणार आहे. तेलंगणात जहीराबाद या लहानशा शहराजवळ माचनूर नावाचे खेडे आहे. १५ ऑक्टोबर २००८ रोजी या खेड्यात ‘संघम रेडिओ’ अधिकृतपणे सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेला मिळालेल्या परवान्यावर चालणारे ते देशातले पहिले ग्रामीण रेडिओ केंद्र. मुंबईत प्रक्षेपण सुरू झाल्यानंतर एक्क्याऐंशी वर्षांनी खेड्यातल्या माणसांना स्वतःचे केंद्र चालवण्याची परवानगी मिळाली. एवढा उशीर का झाला, हा माझा आजचा प्रश्न आहे. यंत्रे नव्हती, पैसा नव्हता, खेड्यातल्या माणसांना हे काम जमले नसते, अशी उत्तरे सहज सुचतात. उपलब्ध पुरावा मात्र ही तिन्ही उत्तरे खोटी ठरवतो. उणीव होती ती विश्वासाची. लहान गावातला नागरिक ऐकायला योग्य आहे, पण त्याच्या हाती माइक देणे धोक्याचे आहे, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले होते. हे गृहीतक कधीच पुराव्यावर उभे नव्हते आणि ते आजही पूर्णपणे गेलेले नाही, हे मला आज मांडायचे आहे.

माचनूरचा मुलूख आपल्याला परका नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. तीच कोरडवाहू जमीन, तीच ज्वारी आणि तूर, तेच पावसाच्या भरवशावरचे जगणे. या भागात १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. गावोगावच्या गरीब, बहुतेक दलित स्त्रियांचे ‘संघम’ तिने उभे केले. पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणणे, ज्वारी, बाजरी, राळे यांसारख्या भरडधान्यांचे बियाणे घरोघर जपणे, एकाच शेतात अनेक पिके घेणे ही या स्त्रियांची कामे. त्यांच्याजवळचे ज्ञान मोठे होते आणि जवळजवळ सगळेच तोंडी होते. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे वर्तमानपत्र त्यांच्या उपयोगाचे नव्हते. आकाशवाणीवरून येणारी तेलुगू होती शहरी, शिकलेल्या माणसांची. तिच्यात त्यांच्या बोलीला आणि त्यांच्या पिकांना जागा नव्हती. म्हणून आपला रेडिओ हवा, अशी मागणी त्यांनी केली. १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने माचनूरला स्टुडिओ उभा राहिला. स्त्रिया ध्वनिमुद्रण शिकल्या, संपादन शिकल्या, कार्यक्रम तयार करू लागल्या. प्रक्षेपणाची परवानगी तेवढी नव्हती. मग तयार झालेल्या ध्वनिफिती गावोगावच्या संघमच्या बैठकांत वाजवल्या जाऊ लागल्या. अशी दहा वर्षे गेली. जुलै २००० मध्ये जवळच्याच पस्तापूरला देशभरातले कार्यकर्ते जमले आणि सामुदायिक रेडिओला परवानगी द्यावी, असा मागणीचा मसुदा त्यांनी सरकारपुढे ठेवला. तरीही आणखी आठ वर्षे जावी लागली. स्टुडिओ होता, माणसे होती, कौशल्य होते. एक कागद नव्हता.

तो कागद अडला होता १८८५ च्या भारतीय तार कायद्यात. मार्कोनीचे बिनतारी प्रयोग सुरू होण्याआधीचा हा कायदा. संदेशवहनाची मक्तेदारी त्याने सरकारकडे ठेवली. पुढे बिनतारी यंत्रणाही त्याच कक्षेत आली आणि स्वातंत्र्यानंतर ही मक्तेदारी जशीच्या तशी आपल्या सरकारकडे चालत आली. तिला पहिला मोठा धक्का दिला एका मराठी न्यायमूर्तींनी. १९९३ च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या दूरदर्शन प्रक्षेपणावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निकाल दिला की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती मिळवण्याचा व पसरवण्याचा हक्क घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे. या लहरींचे नियमन करण्यासाठी सरकारपासून स्वतंत्र असे सार्वजनिक प्राधिकरण नेमावे, असेही न्यायालयाने सांगितले. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात सरकारी मक्तेदारीइतकाच खासगी मक्तेदारीचाही धोका दाखवून दिला. एका क्रिकेट सामन्याच्या वादातून खेड्यातल्या माणसाचा आवाजाचा हक्क तत्त्वतः मान्य झाला. पुढे २००८ मध्ये माचनूरच्या केंद्राचे उद्घाटन न्यायमूर्ती सावंत यांच्याच हस्ते झाले, हे औचित्याचे होते. पण निकाल आणि उद्घाटन यांच्यात तेरा वर्षे आठ महिने गेले, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

त्या तेरा वर्षांत सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. दरवाजे उघडत होते आणि ते कोणत्या क्रमाने उघडले, हे पाहण्यासारखे आहे. आधी मोठ्या शहरांतल्या एफएम लहरींचा लिलाव झाला आणि २००१ पासून खासगी व्यापारी केंद्रे सुरू झाली. डिसेंबर २००२ मध्ये नामवंत शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. खेड्यांत काम करणाऱ्या संस्थांची पाळी १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने सर्वांत शेवटी आली. ज्याच्याकडे पैसा त्याला पहिली संधी, ज्याच्याकडे पदवी त्याला दुसरी, आणि ज्याला रेडिओची सर्वांत जास्त गरज त्याला शेवटची. मधल्या काळात लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुडिकोटे गावात ‘नम्म ध्वनी’ या सामुदायिक केंद्राचे कार्यक्रम हवेतून पाठवता येत नव्हते, म्हणून ते केबलमधून घरोघर पोचवले गेले. कच्छमधल्या स्त्रियांच्या संघटनेने आकाशवाणीच्या भुज केंद्रावर वेळ विकत घेतली आणि कच्छी भाषेत स्वतःचा कार्यक्रम चालवला. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने किरकोळ खर्चात स्वतः ट्रान्समीटर जुळवला आणि गावाला गाणी व स्थानिक सूचना ऐकवल्या. जगभर त्याचे कौतुक झाले आणि २००६ मध्ये परवाना नसल्याच्या कारणाने ते केंद्र बंद करण्यात आले. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ज्या देशात दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा ट्रान्समीटर बनवू शकतो, त्या देशात तंत्रज्ञान नव्हते म्हणून उशीर झाला, असे म्हणता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल की, ही सगळी अलीकडची उदाहरणे आहेत. सुरुवातीच्या काळात सरकारला खेड्यांच्या क्षमतेचा अंदाज नसणे स्वाभाविक होते. या आक्षेपाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने एक प्रयोग केला. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या श्रोतृगटांवरून ही कल्पना घेतली होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत श्रोतृगट स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गटाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका व सूचना केंद्राला कळवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे द्यायची, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर गावांची पाहणी केली. श्रोतृगट असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीयरीत्या वाढली होती. श्रोतृगट नसलेल्या गावांत, मग तिथे रेडिओ असो वा नसो, वाढ नगण्य होती. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. नुसता रेडिओ संच गावात पोचल्याने काही घडत नाही. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची वाट मिळाली की घडते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण काळाच्या ओघात गट विरत गेले आणि परतीची वाट बुजली. म्हणजे खेड्यातला माणूस या माध्यमाचा जबाबदारीने उपयोग करतो, हे आपल्या सरकारला १९५६ मध्येच सिद्ध होऊन मिळाले होते.

आकाशवाणीने लहान शहरांकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतल्या नागरकोईलला आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशभर अशी अनेक केंद्रे निघाली. आपल्याकडे सातारा, सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, बीड, धुळे, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांच्या गावी केंद्रे आली. त्याआधीही सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी या केंद्रांनी आपापल्या परिसराची मोठी सेवा केली होती. शेतकऱ्यांचे कार्यक्रम, गावच्या भजनी मंडळांचे ध्वनिमुद्रण, तालुक्यातल्या डॉक्टरांच्या मुलाखती, नव्या कवींना पहिला माइक, हे सगळे या केंद्रांनी दिले. त्यांचे हे ऋण मान्य करूनच मी म्हणतो की, या केंद्रांचे मनोरे जिल्ह्यात होते आणि निर्णय बाहेर होत होते. किती वेळ स्थानिक कार्यक्रम आणि किती वेळ सहक्षेपण, कोणत्या जागा भरायच्या आणि कोणत्या रिकाम्या ठेवायच्या, हे श्रोत्यांच्या हाती कधीच आले नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी जोरदार विरोध केला आणि तो निर्णय स्थगित झाला. लोकांना आपल्या भागाच्या बातम्या आपल्या केंद्रावरून हव्या असतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? पण पुण्याकडे आवाज उठवणारी वर्तमानपत्रे होती, राजकीय वजन होते. एखाद्या लहान जिल्ह्याच्या केंद्रावरचा स्थानिक कार्यक्रम कमी झाला, तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

आता माइक हाती आल्यावर लोकांनी काय केले, ते पाहू. माचनूरच्या केंद्राची धुरा दोन तरुण दलित स्त्रियांनी सांभाळली. दोघींचेही नाव नरसम्मा. एकीला ‘जनरल’ नरसम्मा म्हणतात, दुसरीला अल्गोल या तिच्या गावावरून अल्गोल नरसम्मा. रोज संध्याकाळी सात ते नऊ, शेतातून परतल्यावर स्वयंपाक करताना ऐकता येईल अशी वेळ त्यांनी ठरवली. वेळेची ही निवड शेतातल्या बाईच्या दिनक्रमाकडे पाहून झालेली आहे. पेरणी, बियाणे, झाडपाला, सणवार, गाणी, मुलींचे शिक्षण हे त्यांचे विषय. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, २००८ मध्येच ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. माण हा कायमचा दुष्काळी तालुका. तिथल्या स्त्रियांची बँक आणि त्यांचे छोटे व्यवसाय यांना जोडून हे केंद्र उभे राहिले, आणि स्थानिक लोककलावंतांना त्यावर हक्काची जागा मिळाली. बारामतीतही कृषी विज्ञान केंद्राने शेतकऱ्यांसाठी अशी वाहिनी चालवली आहे. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा टापू आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक असण्याचे बंधन, या चौकटीत ही केंद्रे चालतात. परवाना देण्याआधी ज्या अनर्थाची भीती घातली गेली होती, त्याचा मागमूसही या केंद्रांच्या वाटचालीत दिसत नाही.

तरीही सर्वांत मोठे बंधन शिल्लक आहे. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या फेरफार न करता पुन्हा ऐकवण्याची मुभा नंतर मिळाली, तेवढीच. समर्थनासाठी सुरक्षेचे कारण दिले जाते. संवेदनशील भागात लहान केंद्राचा दुरुपयोग होईल, अफवा पसरतील, जातीय तेढ वाढेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. रवांडातले उदाहरण नेहमी पुढे केले जाते. १९९४ च्या नरसंहारात तिथल्या एका रेडिओ केंद्राने द्वेष पेटवला, हे खरे आहे. पण ते राजधानी किगालीतून चालणारे आणि सत्ताधारी वर्तुळाच्या पाठबळावर उभे असलेले केंद्र होते. त्याला उत्तर देणारे दुसरे आवाज तिथे दुबळे होते. म्हणजे या उदाहरणाचा धडा मक्तेदारीच्या धोक्याचा आहे. उलट उदाहरण आपल्या शेजारी नेपाळमध्ये आहे. १९९७ मध्ये तिथे ‘रेडिओ सगरमाथा’ हे दक्षिण आशियातले पहिले स्वतंत्र सामुदायिक केंद्र सुरू झाले. पाठोपाठ डोंगराळ जिल्ह्यांत लहान केंद्रांचे जाळे पसरले आणि ती सगळी बातम्या देत होती. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजाने सत्ता हाती घेऊन एफएमवरच्या बातम्यांवर बंदी घातली, तेव्हा या केंद्रांनी लढा दिला. काही ठिकाणी पत्रकारांनी रस्त्यावर उभे राहून बातम्या वाचून दाखवल्या. २०१५ च्या भूकंपात दुर्गम गावांना मदतीची माहिती याच केंद्रांनी पोचवली. आणि आपल्याच देशातली विसंगती पाहा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात कुणीही नोंदणी करून साप्ताहिक काढू शकतो, वृत्तवाहिन्या दिवसभर बोलू शकतात, समाजमाध्यमांवर नाव लपवून काहीही पसरवता येते. ज्या माध्यमाचा पत्ता गावात आहे, ज्याचा परवाना सरकारकडे आहे आणि ज्याला तीन महिन्यांचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे लागते, त्याला मात्र बातमी वर्ज्य आहे. अफवेला उत्तर बातमीनेच देता येते. ती देणारा माणूस गावातला आणि ओळखीचा असेल, तर लोक त्यावर लवकर विश्वास ठेवतात.

दुसरा आक्षेप मोबाइलचा आहे. प्रत्येकाच्या हाती फोन असताना आता रेडिओ कशाला, असे विचारले जाते. फोनमुळे प्रत्येकाला बोलता येऊ लागले, हे खरे. पण एका गावाने एकाच वेळी एकच गोष्ट ऐकणे आणि तिच्यावर एकत्र बोलणे, हे फोनवर होत नाही. प्रत्येकाला काय दिसावे, ते कुठेतरी दूर बसलेली कंपनी ठरवते आणि तिच्या हिशेबात माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या प्रश्नाला किंमत नसते. शिवाय रेडिओला डेटा लागत नाही, अक्षरओळख लागत नाही आणि हात कामात असतानाही तो ऐकता येतो. फोन आणि रेडिओ एकमेकांना पूरक आहेत. केंद्रांनी फोनवरून श्रोत्यांचे आवाज मागवावेत. १९५६ च्या श्रोतृगटांना जे टपालाने करावे लागले, ते आता क्षणात होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अंतर्मुख करतो. सामुदायिक म्हणवणारी केंद्रे खरोखर समुदायाची आहेत का, ती कुठल्या तरी महाविद्यालयाची किंवा संस्थेची प्रसिद्धी यंत्रणा होत नाहीत का, आणि त्यांचा खर्च कोण भागवणार? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. देशात आज सामुदायिक रेडिओ केंद्रांची संख्या सुमारे पाचशे आहे आणि त्यांत शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे. खेड्यांच्या संख्येच्या मानाने पाचशे हा आकडा फारच लहान आहे. पैशाच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. तासाला पाच मिनिटांच्या जाहिरातींची मूळ मर्यादा आधी सात मिनिटे झाली आणि २०२४ मध्ये बारा मिनिटांवर आली. पण पैसा वाढला म्हणून केंद्र लोकांचे होत नाही. परवाना संस्थेच्या नावावर असला, तरी कार्यक्रमाचे निर्णय घेणाऱ्या समितीत परिसरातले शेतकरी, मजूर, स्त्रिया बहुसंख्य असाव्यात आणि त्यांची बैठक खुली असावी, एवढी अट घातली तर फरक पडेल. काही केंद्रे समुदायाची झाली नाहीत, यावरून समुदायाला केंद्र नको, असा निष्कर्ष निघत नाही. अधिकार अर्धवट दिला की संस्थाही अर्धवटच वाढते.

श्रोतेहो, १८८५ च्या तार कायद्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. पण न्यायमूर्ती सावंत यांच्या निकालाने सांगितलेले स्वतंत्र प्रसारण प्राधिकरण अजूनही अस्तित्वात नाही; परवाना देण्याचा आणि अटी ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच आहे. म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. सामुदायिक केंद्रांना स्थानिक बातम्या देण्याचा हक्क मिळावा, आणि वृत्तपत्रांना लागू असलेले अब्रुनुकसानीचे व चिथावणीविरोधी कायदे त्यांनाही लागू असावेत. लहरींचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा प्राधिकरणाकडे जावे. आणि आकाशवाणीच्या प्रत्येक जिल्हा केंद्रात श्रोत्यांच्या प्रतिनिधींना कार्यक्रम ठरवण्याचा प्रत्यक्ष अधिकार मिळावा. यांपैकी कशासाठीही नवे तंत्र किंवा मोठी रक्कम लागत नाही. १९५६ च्या दीडशे मराठी खेड्यांनी आणि २००८ च्या माचनूरने आपली लायकी सिद्ध केलेली आहे. आता सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. तुमच्या जिल्ह्यात आकाशवाणीचे केंद्र असेल, तर त्याचे स्थानिक कार्यक्रम ऐका, कमी झाले तर लेखी विचारा, आणि तुमच्या खासदाराला विचारा की तालुक्याच्या साप्ताहिकाला जी मोकळीक आहे, ती तालुक्याच्या रेडिओला का नाही. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर त्याचे उत्तर टाळणे कोणत्याही सरकारला कठीण जाईल.